सामानापाशी कोण बसणार?

अजी,

तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून मी तुमचं नाव कमी करायच्या कामाला लागले. रेशन कार्ड, गॅस, बँकेतलं जोडखातं, विजेचं बिल, घरपट्टी. पंचायत समितीत टेबलामागे बसून इतकी वर्षं मीच लोकांना सांगत आले, "दाखल्याची झेरॉक्स लावा, अर्जावर सही करा." आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून तेच ऐकते. कोणी वाईट वागत नाही. खुर्ची देतात, पाणी विचारतात, "मॅडम, तुम्ही कशाला आल्या, कोणाच्या हाती पाठवून द्यायचं," म्हणतात. मला खुर्ची नको असते. बसले की उठवत नाही.

मी थकले आहे. तुम्हाला सांगायला हरकत नाही. बाकी कोणाला सांगितलं की लगेच "आराम करा" म्हणतात, आणि आराम करायला बसलं की घर किती शांत झालंय ते ऐकू येतं. त्यापेक्षा रांग बरी.

सगळ्या कागदांवरून तुमचं नाव निघालं. एकच जागा राहिली होती, डिसेंबरातलं दीवला जायचं रेल्वेचं तिकीट. त्यावर तीन नावं होती. तुमचं, माझं आणि तुमच्या मोठ्या बहिणीचं, शोभाताईंचं. मृणाल पुण्याला परत जाताना म्हणाली, "आई, मी करते ना कॅन्सल इथून. एका मिनिटाचं काम आहे." मी म्हटलं, राहू दे, माझ्या यादीत आहे. यादीत होतं हे खरं. रोज ते खालच्या ओळीत सरकायचं, हेही खरं.

संध्याकाळी दिवा लावून झाला की शोभाताई मागच्या दाराच्या पायरीवर येऊन बसायच्या आणि विचारायच्या, "केलं का कॅन्सल?"

"नाई, ताई. पाहू उद्या."

"बरं."

एवढंच. रोज. आधी मला वाटायचं, त्या घाई करताहेत. भाऊ गेला, त्याच्या नावाचं तिकीट घरात कशाला, असं त्यांच्या मनात असेल. मी ऑफिसातून येतानाच ठरवून यायचे की आज करून टाकू, त्यांच्या जिवाला तरी बरं. आणि मग फोन हातात घेऊन भाजी निवडायला बसायचे.

दीवला पहिल्यांदा गेलो ते आठवतं तुम्हाला? आठवत असणारच, तुम्ही ती गोष्ट अर्ध्या समुद्रपूरला सांगितली होती. मृणालला नोकरी लागली होती आणि आपण दोघंच घरात उरलो होतो. शोभाताई तेव्हा रोहण्याला त्यांच्या घरीच राहायच्या. एका रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, "आपण दोघं कुठी गेलोच नाई." मी म्हटलं, गेलो की. शेगावला गेलो, माहूरला गेलो, माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला अकोल्याला गेलो. तुम्ही म्हणालात, "शेवटी देव नाई, लग्न नाई अन् मयत नाई, अशा जागी गेलो का?"

मी विचार केला. नव्हतो गेलो.

मग मी कामाला लागले, कारण ठरलं की मला बसवत नाही. गोवा महाग. अंदमानला विमान. दीव मात्र आपल्याला जमण्यासारखं होतं. वर्ध्याहून राजकोटपर्यंत रेल्वे, पुढे बस. शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी आली होती, तुमची साप्ताहिक सुट्टी एसटीच्या डेपोत बदलून घेतली आणि मागेपुढे रजा टाकली. येण्याजाण्यात जितका वेळ जाणार होता तितका समुद्र मिळणार नव्हता, हे मी आधीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बेट हाये नं ते? म्हंजे चारी बाजूनं पानी. एका तिकिटात चार समुद्र. फायद्याचा सौदा हाये."

आपल्या दारूबंदीच्या जिल्ह्यातून माणूस दारू खुली असलेल्या दीवला निघाला की लोकांचे चेहरे कसे होतात ते तेव्हा कळलं. शेजारचे गुणवंतभाऊ फाटकावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "काय भाऊ, दीवले? दर्शन कोन्त्या दुकानात हाये म्हंता?"

"दर्शन दुरूनच," तुम्ही म्हणालात. "परसाद नाई घेत मी."

"वहिनीले नेऊन राह्यले म्हंजे परसाद नसनच."

मी आतून सगळं ऐकत होते आणि पिशव्या भरत होते. तुम्ही मला त्या सामानावरून शेवटपर्यंत चिडवलं, म्हणून आज सांगते, त्यातली एकही वस्तू फालतू नव्हती. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं होतं म्हणून आपण बाहेर फक्त चहा आणि शहाळं विकत घेतलं. पाणी तापवायची किटली होती म्हणून सकाळी तुमचं डोकं दुखलं नाही. कपडे वाळत घालायची दोरी, साखळी, कुलूप, सतरंजी, औषधं, जादा चपला. तुम्ही स्टँडवर उभे राहून म्हणालात, "आपण दोन दिवसांसाठी चाललो का डेपोच उठवून चाललो?" आणि नंतर राजकोटच्या गाडीत पहिली पुरी तुम्हीच मागितली.

लॉज समुद्रापासून लांब होता, कारण जवळचे परवडणारे नव्हते. आपण पोचलो तेव्हा खोली रिकामी झाली नव्हती. काउंटरवरच्या माणसाने तुमचं आधार कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "समुद्रपूर? वहाँ भी समंदर है क्या?"

"नहीं जी," तुम्ही म्हणालात. "कपास है."

तो इतका हसला की त्याने आपल्याला चहा पाजला. मग म्हणाला, "बैग यहीं रख दो, बेन. बीच पे घूम के आओ. दोपहर तक रूम हो जाएगा." मी काउंटरकडे पाहिलं. मागे दार नव्हतं, पुढे दार नव्हतं, आणि बाटल्यांचे खोके घेऊन माणसं आत-बाहेर करत होती. मी म्हटलं, नको, आमच्याजवळच राहू द्या. दोन्ही बॅगा तुम्ही उचलल्या, थैली मी घेतली, आणि रिक्षा करून आपण समुद्रावर गेलो.

सतरंजी अंथरली, सामान मधोमध ठेवलं. शेंड्याला फाटे फुटलेली ताडासारखी झाडं होती तिथे, त्यातल्या एकाच्या सावलीत. तुम्ही चपला काढल्या, पँट दुमडली आणि म्हणालात, "चाल."

आणि मी विचारलं, "सामानापाशी कोण बसणार?"

हा प्रश्न पुढे आपल्या घरातला सगळ्यात लांब चाललेला भांडणाचा मुद्दा झाला. पण त्या वेळी तो साधा प्रश्न होता, आणि मला आजही वाटतं की मी बरोबरच विचारला. त्या बॅगेत परतीची तिकिटं होती, घराची किल्ली होती, बँकेचं कार्ड होतं आणि माझी मंगळसूत्राची पोत होती. लाटेने ओढून नेऊ नये म्हणून मी पोत काढून रुमालात बांधून आतल्या कप्प्यात ठेवली होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा काढली होती. ती मी कोणा शहाळेवाल्याच्या भरवशावर सोडणार नव्हते.

शहाळेवाला स्वतः म्हणालासुद्धा, "जाव, जाव, हम देखेगा." तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ठरलं, आळीपाळीने.

आधी तुम्ही गेलात.

तुम्हाला पोहता येत नव्हतं. समुद्र कधी पाहिला नव्हता. लोक लाट आली की ओरडत होते, एकमेकांना धरत होते, पडत होते. तुम्ही कमरेइतक्या पाण्यात जाऊन पाय फाकवून उभे राहिलात, आणि लाट आली की गुडघे थोडे वाकवायचात आणि ती गेली की सरळ व्हायचात. हात मोकळे. मी ओळखलं तुम्ही काय करताय ते. तुम्ही गाडीत उभे होतात. हिंगणघाट ते समुद्रपूर, खड्ड्यांचा रस्ता, खचाखच भरलेली एसटी, आणि दांडा न धरता तिकिटं फाडणारा कंडक्टर. एवढ्या लोकांत तुम्ही एकटेच पडला नाहीत.

ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही मला म्हणायचात की तुझा अर्धा समुद्र सामान राखण्यात गेला. नाही गेला. घरात मी तुमच्याकडे कधी इतका वेळ पाहिलं होतं? सकाळी डबा, पाणी, गाडीची वेळ. तुम्ही यायचात तेव्हा मी ऑफिसचे कागद घेऊन बसलेली. बोलायचे ते पाठमोरीच. त्या सतरंजीवर मला दुसरं काही कामच नव्हतं. सामानावर हात ठेवून मी नुसती तुमच्याकडे पाहत बसले. तुम्ही मधेच वळून हात हलवायचात, मी फोटो काढायचे. मला ते फार आवडलं. हे तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तुम्ही बाहेर आलात आणि मी टॉवेल शोधत बसले.

मग माझी पाळी. मी घोट्यापर्यंत गेले, मग पोटऱ्यांपर्यंत. पायाखालची वाळू सरकायला लागली तसं मला भोवळ आल्यासारखं झालं. तुम्ही किनाऱ्यावरून ओरडत होतात, आणि तुमचा आवाज तर शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. "गुडघे ढिले सोड! गुडघे! काई धरू नोको! गाडी चालू हाये असं समज!" चार गुजराती कुटुंबं वळून पाहायला लागली. मी गुडघे ढिले सोडले. लाट आली, गेली. मी उभीच होते. मला इतकं हसू आलं की मी वळून तुमच्याकडे पाहिलं.

तर तुम्ही पाण्यात. पँट न दुमडता, धावत, माझ्याकडे येताना. दोन्ही हात पुढे.

आणि मागे सतरंजीवर सामान एकटं.

"अजी, सामान!"

तुम्ही थांबलात. अर्ध्या वाटेवर, गुडघाभर पाण्यात. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सामानाकडे. आणि मुकाट परत गेलात.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. परतीची बस संध्याकाळची, आणि खोली सकाळीच सोडली तर आणखी एका दिवसाचं भाडं वाचत होतं. म्हणजे पुन्हा सामान बरोबर, पुन्हा आळीपाळी. तुमचा राग तसा नव्हताच कधी बोलण्याचा. बस हलल्यावर मात्र सुरू झालात.

"मी एवढी वर्सं एसटीत हावो. लोक सीटवर थैली टाकते अन् चहाले जाते. खिडकीतून रुमाल टाकते अन् जागा धरते. कधी कोनाची थैली गेली?"

"त्या गाडीत तुम्ही असता म्हणून जात नाही," मी म्हटलं.

मी पाहिलं, तुम्ही खिडकीकडे तोंड करून हसत होतात. पण हार मानली नाही. उन्याला बस थांबली तेव्हा म्हणालात, "तरी एक डाव सोबत जाऊन पाहाले पाह्यजे होतं." तो वाद तिथे राहिला तो राहिलाच. मृणालने फोनवर फोटो पाहून विचारलं, "दोघांचा एकत्र नाही का पाण्यातला?" तुम्ही म्हणालात, "तुह्या आईले विचार." मी म्हटलं, "तुझ्या बाबांना विचार." दोनच फोटो आहेत आपले. एकात तुम्ही समुद्रात, एकात मी.

आणि ती बाटली! तुम्ही पाण्याच्या रिकाम्या बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं होतं. लोक गंगेचं आणतात तसं, शोभाताईंसाठी. "बाईनं समुद्र पाह्यला नाई. तिले दाखवतो." घरी आलो तर गुणवंतभाऊ फाटकावर तयारच. बाटली पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "बाप्पा! उघडी आनली का चेकनाक्यावरून?" तुम्ही गंभीर चेहऱ्याने त्यांना झाकणभर दिली. त्यांनी इकडेतिकडे पाहून घेतली, आणि पुढची पाच मिनिटं आपल्या नळावर चूळ भरत होते. तुम्ही ओट्यावर बसून पोट धरून हसत होतात. मीही हसले, पण आधी बॅगा आत नेल्या.

शोभाताईंना रोहण्याहून बोलावून तुम्ही ती बाटली दिली. त्यांनी बोट बुडवून चाखलं. "खारट हाये." मग वास घेतला. "दारूच्या गावचं पानी देवाजवळ नोको ठेवू, अशोक." आणि स्वतःच देवाच्या फळीवर, तसबिरीच्या मागे नेऊन ठेवली.

त्यांचे यजमान गेल्यावर तुम्ही त्यांना आपल्याकडे घेऊन आलात, त्या ती बाटलीही घेऊन आल्या. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी त्यांच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला आणि त्यांच्या गोळ्यांच्या वेळा लिहून भिंतीवर लावल्या.

यंदा दसऱ्याच्या सुमारास तुम्ही चष्मा नाकावर ओढून फोनमध्ये डोकं घालून बसला होतात. मी विचारलं, काय चाललंय. म्हणालात, "उपाय सापडला."

"कशावर?"

"सामानापाशी कोन बसणार याच्यावर." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडलात, "बाई! समुद्र पाहाले येतं का?"

शोभाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मले काऊन नेतं? तुमी दोघं जा."

"तुह्याशिवाय जमतच नाई. आमी दोघं पान्यात जातो, तू सामानापाशी बस."

"अव माय! मी काय सामान राखाले येऊ का तिथवर? क्लॉकरूम हावो का मी?"

"फुकट थोडीच? शहाळं पाजतो."

"दोन पाजजो," शोभाताई म्हणाल्या. "एका शहाळ्यात मी कोनाचं सामान राखत नाई."

तुम्ही त्याच बैठकीत तिकिटं काढली. पुढच्या वर्षी तुमची रिटायरमेंट होती, त्याआधी उरलेल्या रजा संपवायच्या होत्या. मला यादी करायला सांगितलीत आणि वर म्हणालात, "या वेळी अर्धंच सामान." मी म्हटलं, पाहू.

ते पाहायचं राहिलं.

दवाखान्याचं मी फार लिहिणार नाही. तुम्ही तिथे होतात. छातीत जळजळ होते म्हणालात, मी गाडी बोलावली आणि गाडी येईपर्यंत बॅग भरली. तुमचे कपडे, फाईल, चार्जर, ताट-वाटी, चादर. गाडीत चढताना तुम्ही बॅगेकडे पाहून म्हणालात, "काऊन एवढं सामान? दोन दिवसांत तं येतो." वर्ध्याच्या दवाखान्यात तुम्हाला आत नेलं. आत बॅग चालत नाही, चपला चालत नाहीत, एका वेळी एकच माणूस. मृणाल पुण्याहून निघालेली, शोभाताई घरी. मी दाराबाहेरच्या बाकावर बॅग घेऊन बसले. तुम्ही आत, मी बाहेर, सामानापाशी. या वेळी मात्र काचेतून तुम्ही दिसत नव्हतात.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी बॅग हातात घेऊनच उभी राहिले. इतकंच.

नंतर माणसं आली. तुमच्या डेपोचे सगळे. ड्रायव्हर मडावी आले, आठ वर्षं तुम्ही एकाच गाडीवर होतात, आणि बराच वेळ ओट्यावर बसून निघून गेले. तुमच्या रूटवरच्या गावांतून म्हाताऱ्या आल्या, ज्यांची नावं मला माहीत नव्हती पण तुम्हाला त्यांचे थांबे माहीत होते. एक म्हणाली, "आता गाडी थांबते, पन कोनी हात देत नाई." मी सगळ्यांना चहा दिला. तुमचा बिल्ला आणि तिकिटाचं मशीन डेपोत जमा केलं, पोच घेतली. माझी पोत काढायची वेळ आली तेव्हा बायका रडत होत्या. मी काढून रुमालात बांधली. तसा रुमाल मी आधी एकदा बांधला होता, एवढंच तेव्हा मनात आलं.

तेरवीनंतर घर आवरताना मी काढून टाकायच्या वस्तूंचा ढीग केला. जुन्या चपला, औषधांचे खोके, तुमची फाटकी छत्री. देवाची फळी पुसताना ती बाटली सापडली. तळाला पांढरं बसलं होतं. मी ती ढिगात टाकली. रात्री ढीग पोत्यात भरायला गेले तर बाटली नव्हती. फळीवर पाहिलं. तसबिरीच्या मागे, होती तिथे परत.

मला तेव्हाही कळलं नाही. मी कागदांची माणूस, ज्यावर सही नाही ते मला उशिरा वाचता येतं.

काल कळलं. काल संध्याकाळी शोभाताईंनी नेहमीसारखं विचारलं, "केलं का कॅन्सल?" आणि मी खरंच वैतागून म्हटलं, "हो, करून टाकतो आता सारंच." त्या "बरं" म्हणाल्या नाहीत. पदर तोंडाशी नेला आणि अंगणातल्या तुळशीकडे पाहत बसल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की रोज त्या मला आठवण करून देत नव्हत्या. अजून केलं नाही ना, एवढंच विचारून जात होत्या. सत्तरीला आलेली बाई, भावाने समुद्र दाखवतो म्हटलेलं, आणि तो भाऊ गेल्यावर आता तोंडाने मागायचं कसं? वर्ष व्हायचं आहे. लोक काय म्हणतील. आणि गाव कोणतं, तर दीव.

मी फोन घेऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. तिकीट उघडलं. तीन नावं आली आणि प्रत्येक नावापुढे एक छोटा चौकोन. कोणाचं रद्द करायचं, तिथे खूण करायची. इतक्या कागदांवरून तुमचं नाव काढलं तेव्हा हात थांबला नव्हता. इथे थांबला. एकदा वाटलं, राहू द्यावं. तुमच्या नावाची सीट आमच्या सोबत रिकामी जाऊ द्यावी राजकोटपर्यंत.

पण तुम्हाला ते चाललं नसतं. दारात माणसं लोंबकळताना आत एक सीट रिकामी दिसली की तुम्ही बेल देत नव्हतात. सीटवरची थैली उचलून मांडीवर द्यायचात आणि म्हणायचात, "थैलीनं तिकीट काढलं का?" तुमच्या सीटवर वेटिंगमधलं कोणीतरी बसेल. कोणाचं तरी काम होईल. मी तुमच्या नावापुढे खूण केली आणि बटण दाबलं.

"ताई, त्याईचं एकट्याचं कॅन्सल केलं. आपलं ठेवलं."

त्या माझ्याकडे वळल्या. "वरीस नाई झालं अजून."

"समुद्र थांबन वरीसभर. तिकीट नाई थांबत."

"लोक काय म्हनन?"

"गुणवंतभाऊ म्हनन, वहिनी, परसाद आनजा. म्हनू द्या."

त्या हसल्या नाहीत, पण पदर तोंडापासून खाली आला. म्हणाल्या, "बरं. मी बसतो सामानापाशी. अशोकले शब्द देल्ला होता म्या."

मी सकाळपासून उभी होते, कंबर दुखत होती, आणि मला एकदम यादी करायचाच कंटाळा आला. पुऱ्या, किटली, दोरी, साखळी, कुलूप. कोणासाठी करायचं? आणि राखायचं काय? त्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवायचं आता काही नाही.

"सामान न्याचंच नाई, ताई."

"म्हंजे?"

"एकएक थैली. कपड्याची एक वाळली जोडी. लॉजवाल्याजवळ ठेवू. नाईतं शहाळेवाल्याजवळ."

"अन् कोनं नेली तं?"

"नेली तं नेली."

शोभाताईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तुम्ही असतात तर आधी हसला असतात आणि मग गुणवंतभाऊंना फाटकावर बोलावून सांगितलं असतंत. तुमचा वाद तुम्ही जिंकलात, अजी. उन्याच्या स्टँडवर सोडला होता तो. मी हे कोणाला सांगणार नाही, फक्त तुम्हाला.

"मंग मी काय करू तिथं?" शोभाताईंनी विचारलं.

"पान्यात या माह्यासंग."

"मले पवता येत नाई."

"मलेबी नाई येत. त्याईलेबी येत नव्हतं. लाट आली का गुडघे ढिले सोडाचे. काई धराचं नाई."

त्यांनी विचार केला. मग पायरीवर बसल्या बसल्याच, लुगडं थोडं वर घेऊन, गुडघे हलवून पाहिले.